पगार हे मुळात क्रियापद! स्पॅनिश, पोर्तुगीज, कॅटलान तिघांचं एकच

अक्षरवेल
स्पॅनिशचा वर्ग लावला आहे. पहिल्याच आठवड्यात 'आर' शेवट असलेल्या क्रियापदांचा तक्ता पाठ करायला दिला. आब्लार म्हणजे बोलणे, त्राबाखार म्हणजे काम करणे आणि त्याच्याखाली पागार, म्हणजे पैसे देणे. वर्गातले सगळे मराठी लोक एकदम बोलायला लागले! बाईंनी सांगितलं की पोर्तुगीज आणि कॅटलान (बार्सिलोनाकडची भाषा) या भाषांतही हे क्रियापद लिहायला अक्षरन् अक्षर हेच आहे. बाकी कितीतरी क्रियापदांत या तिघी बहिणींनी थोडाफार फरक केलाय. 'बोलणे' घ्या: स्पॅनिश आब्लार, पोर्तुगीज फालार, कॅटलान पार्लार. पण पैसे द्यायची वेळ आली की तिघींचं एकमत.

आता माझे प्रश्न. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला असं आपण सवयीने म्हणतो. तिन्हीकडे शब्द एकच असेल तर पोर्तुगीजच कशावरून? दुसरं, शेवटचा 'आर' हा त्यांचा 'णे' आहे. म्हणजे आपण 'देणे' हे अख्खं क्रियापद उचललं आणि त्याचं नाम केलं. माझं मत असं की या प्रवासात त्यातली क्रिया गळून पडली आणि नुसती रक्कम उरली. पटतं का? तिकडे राहणाऱ्यांनी रोजच्या वापरातले अनुभव लिहावेत, मला ते फार हवे आहेत.

फटकळमावशी
शब्द कुठूनही येवो, वेळेवर यावा.

दर्याकाठ
मी वसईचा. पोर्तुगीजच कशावरून, याचं उत्तर आमच्या किल्ल्याच्या भिंतींत आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत दोनशे वर्षं इथे त्यांचा अंमल होता. साष्टी होती, मुंबई होती (ती १६६१ च्या लग्नाच्या तहात इंग्रजांना गेली), खाली चौल-रेवदंडा, वर दमण आणि गोवा तर १५१० पासून. दोनशे वर्षं किल्ले, चर्च आणि गलबतं बांधायची म्हणजे सुतार, गवंडी, खलाशी, हमाल लागणारच. या लोकांचा परक्या भाषेशी संबंध कुठे आला? कामाच्या हत्यारांत आणि पैशांत. म्हणून तर घमेलं पोर्तुगीज, मेस्त्री पोर्तुगीज, पिंप पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, लिलाव पोर्तुगीज. या रांगेत पगार उभा आहे. एकटा आला असता तर शंका घेतली असती. तो अख्ख्या कुटुंबकबिल्यासह आलाय.

शंकासुर_पुणे
पण काका, १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालवर स्पेनचाच राजा होता ना? मग गोव्यात, वसईत स्पॅनिश नसेल का शिरली?

दर्याकाठ
प्रश्न रास्त आहे. राजा एकच होता, सुरुवातीला फिलिप दुसरा. पण १५८१ साली तोमार इथे त्याने पोर्तुगीजांना कबूल केलं की तुमचा कारभार तुमच्याच लोकांच्या हाती राहील. गोव्याचा कारभार त्या साठ वर्षांतही पोर्तुगीजमध्येच चालला. स्पॅनिश लोकांचं आशियातलं ठाणं फिलिपिन्समध्ये होतं. आणि कॅटलान व्यापारी पूर्वापार भूमध्य समुद्रातले, कोकणाशी त्यांचा संबंध नाही.

वाळूगिट्टी
मी बांधकामाचा ठेकेदार, सांगली जिल्हा. व्याकरणातलं फार कळत नाही, पण अक्षरवेल ताई, क्रिया गळून पडली हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमच्याकडे दर शनिवारी काय होतं ते सांगतो.

संध्याकाळी पाचला काम थांबतं. बायका घमेली धुऊन पालथी घालतात, मिक्सरवर पाणी मारलं जातं. मुकादम हजेरीची वही घेऊन पायरीवर बसतो. कुणाचे किती खाडे, कुणी बुधवारी उचल घेतली, कुणाचा अर्धा रोज, सगळं लाल पेनाने. मी शेजारी पैसे घेऊन. नाव पुकारलं की माणूस येतो, हिशोब ऐकतो, पैसे मोजतो, अंगठा किंवा सही. याला आम्ही म्हणतो 'पगार करणे'. "मालक, आज पगार करणार का सोमवारी?" "सात वाजेपर्यंत पगार चालला होता." "पगार आटोपला की निघतो." यात रक्कम कुठे आहे? हे सगळं काम आहे, दीड-दोन तासांचं. रक्कम सांगायची झाली तर आम्ही 'रोज' म्हणतो, 'हजेरी' म्हणतो. "त्याची हजेरी आठशे आहे."

अक्षरवेल
वाळूगिट्टी, हा प्रतिसाद वहीत उतरवून ठेवला! 'पगार चालला होता' हे मी शहरात कधीच ऐकलं नव्हतं. शहरी नोकरदारसुद्धा एक तारखेला विचारतो, "पगार झाला का?" 'झाला' म्हणजे घडला. "वेतन झालं का?" असं कुणी विचारत नाही.

तिरपीमात्रा
थोडा विरोध नोंदवते. "चहा झाला का?" असंही आपण विचारतो. चहा हे काही क्रियापद नाही. 'झालं' लागतं म्हणून मूळ क्रियापद जिवंत आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. मराठीत कुठल्याही नामाला 'होणे' लावून घटना करता येते: जेवण झालं, अंघोळ झाली, सिनेमा झाला.

वाळूगिट्टी
चहा झाला म्हणजे पिऊन झाला. पगार झाला म्हणजे देऊन झाला. देणं आतच आहे की!

तिरपीमात्रा
चहात 'पिणं' आपण बाहेरून घालतो, पगारात 'देणं' आधीपासून आहे, असं तुमचं म्हणणं. हं. इथे तुमचं पारडं जड आहे हे कबूल, पण 'पगार वीस हजार आहे' या वाक्याचं काय? तिथे निव्वळ रक्कमच आहे. मला वाटतं शब्द दोन्ही घरांत राहतो. कारखान्यात हल्ली लोक 'पेमेंट झालं का' म्हणतात, तेही तसंच: पेमेंट म्हणजे देण्याची क्रियाही आणि दिलेले पैसेही.

दर्याकाठ
तिरपीमात्रा, एक गंमत लक्षात आली का? 'पे' आणि 'पगार' ही सख्खी भावंडं. लॅटिनमध्ये 'पाकारे'. त्यातून स्पॅनिश, पोर्तुगीज, कॅटलान पागार, इटालियन पागारे, फ्रेंच पेये आणि फ्रेंचांकडून इंग्रजी पे. 'पगार पे केला' म्हणणारा माणूस एकच शब्द दोनदा म्हणतो.

व्युत्पत्तीवेडा
सगळं परक्यांच्या पदरात कशाला घालता? पग म्हणजे पाऊल. कामावर पायी जाण्याचा मोबदला तो पगार. सरळ देशी व्युत्पत्ती आहे.

तिरपीमात्रा
पग + आर? हा 'आर' प्रत्यय कुठून आणला, आणि त्याचा अर्थ काय? कुंभार, लोहार, सोनार यांच्यातला 'आर' संस्कृत 'कार'पासून आलाय, म्हणजे करणारा. तो लावला तर पगार म्हणजे पावलं करणारा माणूस होईल, पैसा नाही. उलट पोर्तुगीजमध्ये शब्दाचा उच्चार, अर्थ आणि आपल्याशी आलेला संबंध हे तिन्ही जुळतात.

व्युत्पत्तीवेडा
बरं. मग आपल्याकडे आधी काय शब्द होते ते तरी सांगा. मराठे काय पैसे देत नव्हते?

सातबारा
देत होते, आणि शब्दही भरपूर होते. पेशवाईच्या कागदांत रोजमुरा आहे, तैनात आहे, मुशाहिरा आहे. फारसी वळणाचे शब्द. वेतन संस्कृतातलं. माझी नोकरी सरकारी लेखा विभागातली. कागदावर आम्ही सगळीकडे वेतनच लिहितो: वेतनश्रेणी, वेतननिश्चिती, सातवा वेतन आयोग. पण टेबलावरून मान वर केली की 'पगारबिल टाकलं का?' असंच विचारतो. शेजारीच पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था, तिच्या पाटीवरही पगारच. आणि रजा? बिनपगारी. 'बिनवेतनी' म्हणणारा सहकारी मला अजून भेटायचा आहे.

फटकळमावशी
बिनपगारी फुल अधिकारी! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. :)

तिरपीमात्रा
मावशी, या एका म्हणीत बघा: 'बिन' संस्कृत 'विना'चा वंशज, 'पगारी' पोर्तुगीज, 'फुल' इंग्रजी, 'अधिकारी' शुद्ध संस्कृत. आणि यमक बिनचूक. मला ही मराठीतली सर्वांत सुंदर जोडणी वाटते, मनापासून.

समुद्रफेस
बार्सिलोनाहून. बरीच वर्षं इथे आहे. कॅटलानमध्ये लिहिताना 'पागार' असलं तरी बार्सिलोनात बोलताना शेवटचा र गिळतात आणि पहिला आ आखडतात. कानावर येतं ते 'पगा'. वालेन्सियाच्या बाजूला गेलं की र परत ऐकू येतो. स्पॅनिशमध्ये दोन्ही आ स्वच्छ, आणि मधला ग घशात घासल्यासारखा मऊ.

वापराचं म्हणाल तर एक गोष्ट मला सुरुवातीला फार गोंधळात टाकायची. इथे हॉटेलात बिल मागताना लोक 'मी पैसे देतो' असं सहसा म्हणत नाहीत. स्पॅनिशमध्ये "मे कोब्रास?", कॅटलानमध्ये "अम कोब्रस?" म्हणजे "माझ्याकडून पैसे घेतोस का?" पागारच्या समोरचं क्रियापद कोब्रार: वसूल करणे, पैसे घेणे. तेही तिन्ही भाषांत एकच! आणि महिन्याचा पगार झाला का हे विचारायचं तर बरेचदा "या आस कोब्रादो?" म्हणजे "वसूल केलास का?" असं विचारतात. पागार ही देणाऱ्याची बाजू, कोब्रार ही घेणाऱ्याची. आपण मात्र देणाऱ्याचं क्रियापद उचललं आणि घेणाऱ्याच्या हातात ठेवलं. वाळूगिट्टी दादा 'पगार करतो' म्हणतात, आणि त्यांचा गवंडी 'पगार झाला' म्हणतो. एकाच शब्दात दोन्ही बाजू बसवणं या तिघींना जमलेलं नाही.

अक्षरवेल
मग तिकडे महिन्याच्या पगाराला काय म्हणतात?

समुद्रफेस
स्पॅनिशमध्ये सुएल्दो, कॅटलानमध्ये सोउ. पोर्तुगीजमध्ये सोल्दो म्हणजे सैनिकाचा पगार. तिन्ही 'सोलिदुस' या रोमन सोन्याच्या नाण्यावरून. सोल्दादो म्हणजे सैनिक, जो पगार घेतो तो. पागारपासून झालेलं 'पागा' हे नामही आहे. मुलांना दर आठवड्याला देतात ती पागा. आणि नोकरदारांना वर्षातून दोनदा मिळते ती पागा एक्स्त्रा, एक नाताळला आणि एक साधारण उन्हाळ्यात. त्यामुळे इथे नोकरीची रक्कम सांगताना 'वर्षाला चौदा पगार' अशी भाषा असते.

सातबारा
चौदा! आमच्याकडे दिवाळीच्या सणअग्रिमावर खूश असतो आम्ही, तोही पुढच्या पगारांतून कापून जातो.

घाटमाथा_सौदी
पगार म्हणजे मीठ ना? रोमन सैनिकांना मीठ द्यायचे पगार म्हणून. शाळेत ऐकलंय.

तिरपीमात्रा
तो 'सॅलरी' शब्द, पगार नव्हे. लॅटिन 'सालारियुम'चं मिठाशी नातं आहे हे खरं, पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठच ठेवत ही कथा नंतर रंगवलेली आहे. पगाराचं मूळ त्याहून गोड आहे. 'पाकारे' हे 'पाक्स' म्हणजे शांतीपासून आलंय. पाकारे म्हणजे शांत करणे. ज्याचे पैसे द्यायचे त्याला शांत करायचं, त्याचं समाधान करायचं. त्यातून 'पैसे देणे'. जुन्या स्पॅनिशमध्ये 'पागादो' म्हणजे संतुष्ट, प्रसन्न असाही अर्थ होता. आजही स्वतःवर खूश असलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये 'पागादो दे सी मिस्मो' म्हणतात.

अक्षरवेल
आणि आपल्याकडे 'भागवणे'! तहान भागवणे, भूक भागवणे आणि सगळ्यांची देणी भागवणे. शांत करण्यापासून पैसे देण्यापर्यंतची तीच वाट मराठीने आपल्या शब्दाने चाललेली आहे. हे आत्ता लिहितानाच डोक्यात आलं आणि अंगावर काटा आला.

दर्याकाठ
वा! भागवणे. वा.

वाळूगिट्टी
आमच्याकडे "सिमेंटवाल्याचं भागवलं का?" हे रोजचं वाक्य.

माडाची_सावली
फोंड्याहून. आमच्या कोंकणीतही पगारच. पण पैसे चुकते करणे याला आम्ही 'फारीक करप' म्हणतो, "म्हजे पयशे फारीक कर". 'मोकळं होणं' असा त्याचा भाव. १९६१ पर्यंत इथली सरकारी भाषा पोर्तुगीज, तरी पोर्तुगीज क्रियापदं कोंकणीत जशीच्या तशी चालवत नाहीत, त्यांना आपल्या भाषेतलं 'करप' जोडावं लागतं. मराठीतही तेच ना? फोन करणे, पास करणे, कॅन्सल करणे. परकं क्रियापद आलं की आधी त्याचं नाम करायचं आणि मागे 'करणे' जोडायचं. म्हणून 'पगार करणे'. अक्षरवेल यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं.

तिरपीमात्रा
अगदी. त्यात आपलं स्वतःचं 'णे' रूप नाम म्हणून बिनदिक्कत वावरतं. 'माझं त्याच्याकडे येणं आहे', 'बँकेचं देणं आहे'. येणं आणि देणं ही दोन्ही क्रियापदं, पण इथे ती चक्क रक्कम आहेत. ज्या भाषेत 'देणं' म्हणजे पैसा होऊ शकतो, तिला 'पागार' या परक्या 'देण्या'चा पैसा करायला काय अडचण?

टेकडीवरून
लिस्बनमधून हजेरी लावते. पोर्तुगालमध्ये ज्या अक्षरावर आघात नाही त्यातला आ आखडतो. त्यामुळे इथला उच्चार जवळजवळ आपला 'पगार'च. पहिला प ऱ्हस्व, दुसरा गा लांब, र जिभेच्या टोकाने हलका. माझ्या आईला इथे आल्यावर हा एकच शब्द लगेच ओळखू आला. दुकानात कुणीतरी म्हणालं आणि ती वळून बघायला लागली.

इथल्या पावतीवर शिक्का असतो, 'पागु'. म्हणजे पैसे दिले. स्पॅनिशमध्ये याच शब्दाचा अर्थ 'मी देतो' किंवा 'भरणा' होईल. दिले म्हणायला त्यांना पागादो लागतं. पोर्तुगीजने मात्र पैशाची तीन क्रियापदं निवडून त्यांची रूपं आखूड केली: कमावलं म्हणजे गान्यु, खर्चलं म्हणजे गाश्तु, दिलं म्हणजे पागु. व्याकरणाच्या पुस्तकात ही तिन्ही शेजारी शेजारी बसलेली असतात. कमावलं, खर्चलं, दिलं, हिशोब संपला!

रस्त्यावरच्या मुल्तिबांको यंत्रात पैसे काढता येतात तसं विजेचं, पाण्याचं बिलही भरता येतं. त्या बटणावर लिहिलेलं असतं पगमेंतु. आणि महिन्याच्या पगाराला इथे ओर्देनादु म्हणतात, किंवा वेन्सिमेंतु. समुद्रफेस म्हणतात तसंच, 'झाला का' विचारताना 'मिळाला का' अशा अर्थाचं क्रियापद वापरतात.

सांबार_ते_सांबा
साओ पावलोहून दोन शब्द. ब्राझीलमध्ये 'पागार मीकु' म्हणजे चारचौघांत फजिती होणे. मीकु म्हणजे छोटं माकड, पत्त्यांच्या एका खेळातून आलंय. ज्याच्या हातात माकडाचं पान राहिलं तो हरला. 'पागार उ पातु', म्हणजे बदकाचे पैसे भरणे, याचा अर्थ दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्या डोक्यावर. स्पेनमध्येही हेच बदक आहे असं ऐकलंय.

समुद्रफेस
आहे! 'पागार एल पातो'. कॅटलान लोक बदकाऐवजी फुटलेल्या ताटल्यांचे पैसे भरतात, 'पगा अल्स प्लात्स त्रंकात्स'. स्पॅनिशमध्ये त्या ताटल्याही आहेत.

फटकळमावशी
आमच्याकडे खातं कोण आणि निस्तरतं कोण.

शंकासुर_पुणे
अवांतर: हिंदीत 'कर्ज़ चुकाना' म्हणजे फेडणं आणि मराठीत 'कर चुकवणे' म्हणजे बुडवणं. माझ्या उत्तरेतल्या सहकाऱ्याला मी सांगितलं की अमुक माणूस कर चुकवतो. तो म्हणाला, चांगला नागरिक आहे!

सातबारा
हाहा! पण खरंच बघा, पैसे देण्याला मराठीत सरसकट एक क्रियापद नाही. फी भरतो, कर्ज फेडतो, भाजीचे देतो, घरासाठी मोजतो, देणी भागवतो, बिल चुकतं करतो. त्यांचा पागार या सगळ्यांना पुरतो. मला आपलं जास्त आवडतं. 'मोजले' म्हटलं की किंमत टोचलेली कळते, 'फेडलं' म्हटलं की खांदे हलके झालेले कळतात.

टेकडीवरून
सहमत नाही हो पूर्ण. एकाच क्रियापदात सगळं असलं की वेगळी ताकद येते. इथल्या म्हाताऱ्या बायका उपकाराबद्दल म्हणतात, "देउश ल्ये पागे". देव तुमचं देणं देवो. मी एकदा ट्राममध्ये चढताना एका आजींची पिशवी धरली, पिशवीत कोबी आणि पावाची लांब लादी. त्या वर आल्या, दांड्याला धरून नीट उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून अगदी सावकाश हे म्हणाल्या. 'थँक्यू'मध्ये ते नाही. मी तुझी फेड करू शकत नाही, ते काम देवावर सोपवते, असं आहे त्यात.

समुद्रफेस
स्पॅनिशमध्ये "दियोस ते लो पागे", कॅटलानमध्येही हेच आहे. तिन्हीकडे.

माडाची_सावली
आमचं "देव बरें करूं" आठवलं. आम्ही आभार मानतो ते असेच, देवाच्या हवाली करून.

वाळूगिट्टी
हे फार आवडलं. पगार करताना एखादी म्हातारी बाई पैसे कपाळाला लावते, त्याची आठवण झाली.

घाटमाथा_सौदी
तिकडे दिवे गेले होते ना मध्ये मोठे? त्याचाही काहीतरी पगारासारखाच शब्द बातम्यांत होता.

समुद्रफेस
२८ एप्रिल २०२५. स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही देश भर दुपारी, इथल्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास, अंधारात! शब्द असा: स्पॅनिश आपागोन, पोर्तुगीज आपागांव, कॅटलान अपगाद. तिन्ही 'आपागार' म्हणजे विझवणे यावरून. आणि हे आपागार आपल्या पागारचंच रूप आहे. पाकारे म्हणजे शांत करणे हे वर आलंच आहे; आग शांत केली, दिवा शांत केला, ते आपागार. आपणही 'दिवा मालवला' म्हणतो, देवाजवळचा दिवा तर 'शांत झाला' म्हणतो.

त्या दिवशीचं सांगते. कार्ड चालेना, फोन चालेना, रोख कुणाकडे? कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात रांग लागलेली. आत काळोख, दाराजवळ उन्हाची एक पट्टी, तिथे खुर्ची टाकून मालक बसलेला. गल्ल्याचा खण बाहेर ओढून मांडीवर, आणि शाळेची चौकटीची वही. ज्याच्याकडे नाणी होती त्याने दिली. माझ्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या, मेणबत्त्या, पाव आणि पाकिटात फक्त कार्ड. त्याने बाटल्या पिशवीत भरल्या, वहीत माझं नाव विचारून चुकीचं लिहिलं आणि म्हणाला, "झा म पगरास." देशील गं नंतर. हे एवढं मोठं शहर, सगळं कार्डावर चालणारं, आणि त्या दुपारी ते उधारीच्या वहीवर चाललं. दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर मी गेले तर माझ्यासारखे बरेच जण हातात नोटा घेऊन उभे. त्याने प्रत्येकाच्या नावावर रेघ मारली. 'पगात.' म्हणजे दिले.

दर्याकाठ
वाण्याची वही! माझ्या आजोबांच्या दुकानात हेच होतं. फेडल्यावर आडवी रेघ.

सातबारा
यावरून आठवलं. स्पॅनिशमध्ये वचनचिठ्ठीला 'पागारे' म्हणतात ना? व्यापाराच्या कागदात वाचलंय.

समुद्रफेस
हो, आघात शेवटच्या 'रे'वर. अर्थ 'मी देईन'. अख्खं वाक्य नाम झालंय! कॅटलानमध्येही तसंच.

तिरपीमात्रा
म्हणजे क्रियापदाचं नाम करण्यात आपणच एकटे नाही. आपल्या नोटेवरही धारकाला रुपये अदा करण्याचं वचन असतंच, पण नोटेला आपण 'देईन' म्हणत नाही.

अक्षरवेल
किती काय काय जमलं इथे! दोन दिवस कामातून मान वर करून वाचत होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर्याकाठ काकांनी दिलं, उच्चाराची बाजू टेकडीवरून यांनी. 'क्रिया की रक्कम' हा वाद मात्र मला अजून पुढे न्यायचा आहे. एक कसोटी सुचते. रक्कम मोठी-छोटी, कमी-जास्त असते. क्रिया लवकर-उशिरा, थांबलेली, रखडलेली असते. पगाराला दोन्ही लागतात: 'पगार कमी आहे' आणि 'पगार रखडला'. आता वेतन घ्या. 'वेतन कमी' ठीक वाटतं, पण बोलताना 'वेतन रखडलं' जिभेवर येत नाही, ते फक्त बातमीच्या मथळ्यात.

तिरपीमात्रा
मथळ्यात येतं म्हणजे मराठीत येतं. पण कसोटी चांगली आहे, मान्य. मजुरीवर लावून बघा. 'मजुरी रखडली' मला चालतं, आणि मजुरीमागे कुठलंही परकं क्रियापद नाही.

वाळूगिट्टी
ताई, 'मजुरी चालली होती, सात वाजले' असं म्हणून बघा.

तिरपीमात्रा
नाही म्हणता येत. म्हटलं तर मजूर काम करत होते असा अर्थ होईल. हा मुद्दा तुमचा.

व्युत्पत्तीवेडा
मी अजून 'पग' सोडलेला नाही, पण 'भागवणे' वाचून समाधान झालं. लिलावावर कुणी धागा काढेल का? तो नामच आला की तोही क्रियापद?

दर्याकाठ
पोर्तुगीज लेइलांव, नाम. त्यांच्याकडे तो अरबीतून आलेला. म्हणजे अरबांचा शब्द लिस्बनला वळसा घालून वसईला उतरला. काढा धागा, मी येतो.

फटकळमावशी
आज एक तारीख आहे. झाला का कुणाचा?

सातबारा
बिल कोषागारात आहे.